पेटी पांढरी एकमध्ये शिकलो, बुवा काळी चारमध्ये गातात : आता काय करावे?

किनारा_देवगड

माझे वय 46 आहे. वडिलांच्या माघारी माळ्यावर पडून असलेली पेटी (हार्मोनियम) मी गेल्या माघात खाली काढली आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून रोज अर्धा तास अलंकार (सरावाच्या स्वररचना) वाजवू लागलो. सर्व धडे पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिल्या पांढऱ्या स्वरपट्टीला सा धरून, होते, आणि त्या पट्टीत शुद्ध स्वर ओळीने पांढऱ्यांवरच येत असल्यामुळे मला आपण बरेच पुढे गेलो आहोत, असे वाटू लागले. आमच्या वाडीत भजनाचे बुवा स्वतःच पेटी वाजवून गातात. गणपतीत एका रात्री त्यांचे मनगट दुखत होते, म्हणून त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली आणि काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या स्वरपट्टीला सा धरून, गजर सुरू केला. मला षड्जसुद्धा (सा) सापडेना. शेवटी पखवाज आणि झांजांवरच गजर पार पडला.

आता प्रत्येक पट्टी नव्याने शिकावी की स्केलचेंजर (बोटे तीच ठेवून पट्टी बदलता येणारी) पेटी घ्यावी, याविषयी जाणकारांनी सांगावे. शिवाय पावसापासून दोन स्वरपट्ट्या दाबल्यावर वर येत नाहीत आणि मधल्या सप्तकातील एक सूर भुणभुणतो. पेटीचा शिक्षक जवळपास नाही.

भजनी_सावंतवाडी

स्केलचेंजर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात स्वरपट्ट्यांचा सारा संच बाजूला सरकतो; पेटी वजनाला जड होते, आणि आपल्या दमट हवेत बिघडायला आणखी एक जागा तयार होते. त्याहून मोठा तोटा हा, की बोटांना पांढरी एकची लागलेली सवय तशीच राहते आणि दुसऱ्याची पेटी पुढे आली, की पुन्हा तीच फजिती होते.

आपण आधी काळी एक धरावी. तेथे सा, रे, म, प, ध हे पाच स्वर काळ्यांवर आणि केवळ ग व नी पांढऱ्यांवर येतात. सा तर्जनीने, रे मधल्या बोटाने आणि ग अंगठ्याने घ्यावा. पुन्हा म तर्जनीने, प मधल्या बोटाने, ध अनामिकेने, नी अंगठ्याने आणि तार षड्ज तर्जनीने. काळ्या स्वरपट्ट्या उंच असल्याने अंगठा त्यांच्याखालून सहज पुढे सरकतो, म्हणून ही पट्टी दिसते अवघड, पण हाताला सोपी पडते. त्यानंतर काळी चार घ्यावी. पंचमापर्यंत (प) बोटे तीच राहतात. फक्त धैवत (ध) पांढऱ्यावर उतरतो, म्हणून तो अंगठ्याने, नी तर्जनीने आणि तार षड्ज मधल्या बोटाने घ्यावा. ज्याला आपण संपूर्ण नवी पट्टी समजून घाबरलात, तिच्यात आरोहाची शेवटची तीनच बोटे बदलतात. एका पट्टीला किमान पंधरा दिवस द्यावेत, आणि त्या काळात पांढरी एककडे फिरकूही नये.

सूरदुरुस्ती_कुडाळ

शिकण्याविषयी वर सांगितलेच आहे, मी पेटीविषयी लिहितो. स्वरपट्ट्या अडकतात त्या लाकूड फुगल्यामुळे. त्यांत तेल मुळीच सोडू नये, कारण तेलावर धूळ बसून चिकटा तयार होतो. पेटी बंद कपाटात ठेवून खालच्या कप्प्यात 15 वॉटचा जुना पिवळा बल्ब कापडापासून दूर, रोज दोन तास आपण घरात असताना लावावा (एलईडीला पुरेशी ऊब नसते). उन्हात मात्र ठेवू नये. सांधे उकलतात आणि भात्याचे (पेटीला हवा देणाऱ्या भागाचे) चिकटवलेले कापड सुटते.

भुणभुणणाऱ्या सुराखाली बहुधा कचरा अडकलेला असतो. पितळी जीभ (हिच्या कंपाने आवाज निघतो, हिलाच आम्ही सूर म्हणतो) अगदी हलके उचलून खालून पातळ कागदाची पट्टी एकदा सरकवावी, तेवढ्याने बरेचदा काम होते. जिभेवर हिरवट थर दिसला तरी पॉलिश कागद लावू नये, कारण टोकाशी घासल्यास सूर चढतो आणि बुडाशी घासल्यास उतरतो. असे हौसेने घासलेले सूर माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतात, आणि त्यांतले काही बदलण्यावाचून इलाज उरत नाही. सूर मिळवून घेणे दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावरच करावे.

उशिरा_बसलेली

मी निवृत्तीनंतर, 58व्या वर्षी, रत्नागिरीत पेटी शिकू लागले. वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत, तरी दोघांनीही डाव्या हाताचे नाव काढलेले नाही. माझा भाता दोन वर्षे तालाबरोबर धडधडत होता, त्यामुळे लांब स्वर मध्येच फुगायचा आणि ओसरायचा. एकच षड्ज दाबून धरावा, भाता लहान आणि संथ हलवावा आणि आवाज एकसारखा राहतो का, ते डोळे मिटून ऐकावे. हे कंटाळवाणे आहे. मी त्या वेळी आमटीला उकळी येण्याची वाट पाहत बसे.

शिक्षक नसल्यास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचा अभ्यासक्रम तरी समोर ठेवावा. लहान मुलांच्या रांगेत बसताना संकोच वाटतो, पण ताल हातावर देऊन दाखवावा लागतो आणि चित्रफितीत हीच गोष्ट राहून जाते.

किनारा_देवगड

सर्वांचा आभारी आहे. आठ दिवस बल्ब लावल्यावर एक स्वरपट्टी मोकळी झाली. कागद सरकवताच सुराखालून झुरळाचा पंख निघाला आणि भुणभुण थांबली. काळी एक सुरू केली आहे. आरोह जमतो, मात्र अवरोहात ध घ्यायला अनामिकेऐवजी अजून मधलेच बोट पुढे येते.