मदत हवी आहे: मास्टर्स जॉग्रफीत करू की जिऑलॉजीत? (अर्जंट)

घाटमाथा_आंबेगाव:
नमस्कार मंडळी, फॉर्मची तारीख जवळ आलीये म्हणून घाईत लिहितेय. पुणे विद्यापीठात मास्टर्स करायचंय पण जॉग्रफी घेऊ की जिऑलॉजी ते ठरत नाहीये. घरचे म्हणतात बीएड कर आणि नोकरीला लाग, मला ते नकोय, मला दरडींवर काम करायचंय. पुढे जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) जाता आलं तर फारच छान. पुण्याबाहेर जाणं जमणार नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

नकाशेवाला:
ग्रॅज्युएशन कशात? बीए की बीएससी? याच्यावरच सगळं अडतंय.

कातळकोरा:
जिऑलॉजीच घे, दुसरा विचारच नको. जीएसआयची भरती यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून होते, जिऑलॉजिस्टच्या पदाला मास्टर्स जिऑलॉजी, अप्लाइड जिऑलॉजी असल्या विषयातलंच लागतं. जॉग्रफीवाल्यांना तो फॉर्मच भरता येत नाही. मी स्वतः जिऑलॉजीवाला, आज भूजलाच्या कामात आहे. जॅम (आयआयटीच्या एमएससीची प्रवेश परीक्षा) दे, पवईच्या आयआयटीत अप्लाइड जिऑलॉजी आहे.

नकाशेवाला:
काका, ती पुण्याबाहेर नाही म्हणतेय आणि तुम्ही पवईला पाठवताय.

एमपीएससी_वॉरियर:
ताई, जॉग्रफी आहे तर यूपीएससीच करा ना. भूगोल ऑप्शनल म्हणजे ५०० मार्क, शिवाय जनरल स्टडीजलाही उपयोग. आता राज्यसेवा मुख्यपण वर्णनात्मक झालीये. सदाशिव पेठेतल्या चांगल्या अभ्यासिका हव्या असतील तर सांगतो.

घाटमाथा_आंबेगाव:
यूपीएससीचं विचारलंच नाहीये दादा. बीए, जॉग्रफी स्पेशल, टीवायला आहे. जॉग्रफी की जिऑलॉजी विचारलं त्यातच आलं ना ते.

कातळकोरा:
नाही आलं, बीएससी जिऑलॉजीवालेही हेच विचारतात. हे आधी सांगायला हवं होतंस पोरी. पदवीला जिऑलॉजी नसेल तर एमएससी जिऑलॉजी अवघड आहे, पवईच्या कोर्सलाही पदवीला तो विषय असावा लागतो. म्हणजे जीएसआयचा जिऑलॉजिस्ट हा रस्ता तुझ्यासाठी बंदच समज. वाईट वाटतंय, पण फी भरून झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

नकाशेवाला:
जीएसआय बंद म्हणजे दरडी बंद असं कुठाय? दरड म्हणजे उतार, माती, पाऊस, वर काय पिकवलंय, कुठे सपाटीकरण केलंय, हे सगळं भूरूपशास्त्रात (जमिनीचे आकार कसे घडतात त्याचा अभ्यास) येतं आणि ते जॉग्रफीतच शिकवतात. इस्रोच्या एनआरएससीने (त्यांचं रिमोट सेन्सिंग केंद्र) २०२३ मध्ये भूस्खलनाचा अ‍ॅटलास काढला, त्यात १४७ जिल्हे आहेत, ते काम उपग्रहाच्या इमेजवरूनच झालंय. विद्यापीठाच्या जॉग्रफी विभागात जिओइन्फर्मॅटिक्सचं (संगणकावर नकाशे आणि उपग्रहाच्या इमेज वापरायचं शास्त्र) एमएससीपण आहे, त्याची पात्रता माहितीपत्रकात नीट वाच. आजपासून क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकायला घे, फुकट आहे.

कातळकोरा:
इमेजवर दरड पडल्यावर दिसते रे! आंबेगाव तालुक्यातल्याच माळीणला ३० जुलै २०१४ ला काय झालं? खाली कठीण बेसॉल्ट, वर झिजून मऊ झालेल्या मुरमाचा आणि मातीचा जाड थर. पाऊस मुरत गेला, कातळावर अडला, थराच्या आत पाण्याचा दाब वाढला आणि अख्खा उतार सुटला, दीडशेवर माणसं गेली. तो थर किती जाड आहे हे संगणकावर बसून कळत नाही, नाल्याची कड जिथे कापली गेलीये तिथे उभं राहून टेप लावावी लागते.

नकाशेवाला:
पण कुठल्या नाल्यावर जायचं ते ठरवायला आधी उताराचा नकाशा लागतोच की. तुम्ही सगळा सह्याद्री टेप घेऊन फिरणार का?

मुळशीचा_शेतकरी:
कातळकोरा साहेब, भूजलात आहात म्हणून विचारतो, आमच्याकडे बोअर घ्यायचीय, नारळ हातात धरून पाणी सांगणारा एक जण आणून झाला पण मन मानत नाही. किती फुटांवर पाणी लागेल?

कातळकोरा:
जागा न बघता फूट सांगणारा माणूस खोटं बोलतो. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यातून चालतं, शेजाऱ्याला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. आजूबाजूच्या विहिरींची खोली आणि उन्हाळ्यातली पाणीपातळी लिहून काढा, मग व्यनि (खाजगी निरोप) करा.

परदेशी_पाखरू:
जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते, जिओसायन्सेसचे इंग्रजीतून कोर्सेस आहेत. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपियन युनियनच्या बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात.

घाटमाथा_आंबेगाव:
पुण्याबाहेर नाही म्हटलंय मी, घरी आजारपण आहे. काका, नकाशेवाले दादा, दोघांचे आभार. जीएसआयचं वाचून रडू आलं खरं सांगते, पण आमच्या तालुक्यात अजून कितीतरी वाड्या तसल्याच उताराखाली आहेत आणि तिथे कुणीतरी जायला हवंय. जॉग्रफीचा फॉर्म भरते. नेट-सेट (प्राध्यापकीसाठीच्या परीक्षा) जॉग्रफीतूनच देता येईल ना? आणि सहाव्या सेमचा रिझल्ट लागला नसेल तर?

नकाशेवाला:
हो, दोन्हीला भूगोल विषय आहे. रिझल्ट बाकी असला तर अपिअर्ड म्हणून भर, मार्कलिस्ट अ‍ॅडमिशनला मागतात. डिझर्टेशनला तुझाच तालुका घे.

कातळकोरा:
आणि डिझर्टेशनच्या फील्डला जाशील तेव्हा उताराच्या वरच्या अंगाला नव्या भेगा आहेत का, झाडं-खांब कललेत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय का, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचार. दगड ओळखायला मी शिकवतो, पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी ये, घरच्यांनाही घेऊन ये.

एमपीएससी_वॉरियर:
अभ्यासिकेची लिस्ट टाकू का इथे?