मदत हवी आहे: आईसाठी चार वाजताचा खाऊ. प्रथिनं जास्त, साखर कमी आणि कवळीला झेपेल असा

नमस्कार मंडळी,

आई सत्तरीला आली आहे. गेल्या तपासणीत तिचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी) ६.२ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लगेच नकोत, आधी खाणं सुधारा. साखर आणि मैदा कमी करा, प्रथिनं वाढवा, रोज चालायला लावा. आईचं वजन ५७ किलो. एरवी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरतात, पण या वयात स्नायू झिजतात म्हणून आहारतज्ज्ञांनी दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम सांगितली आहेत. क्रिएटिनिन तपासून घेतलंय, मूत्रपिंडं व्यवस्थित आहेत, त्यामुळे त्या बाजूने आडकाठी नाही.

जेवणाचं आम्ही बसवलंय. सकाळी अंडं, दुपारी घट्ट वरण किंवा उसळ आणि दही, रात्री मासे नाहीतर पनीर. अडतंय ते दुपारी चारला. मी भांडुपहून बीकेसीला जाते. सकाळी आठला घर सोडते ते रात्री आठच्या पुढेच परत. चार वाजता आई एकटी असते. ती चहा करते आणि त्यासोबत खारी, टोस्ट किंवा मारी बिस्किटं. वर्षानुवर्षांची सवय आहे, आणि त्या तासभराची ती वाट बघते, त्यामुळे "खाऊ नकोस" एवढंच सांगणं मला पटत नाही. त्या जागी तिला आवडेल असं काहीतरी द्यायचंय. गुडघे दुखतात, त्यामुळे त्या वेळी तिने ओट्याशी उभं राहून काही करावं असं मला वाटत नाही. मी सकाळी किंवा रविवारी करून ठेवीन, तिने फक्त डबा उघडायचा.

आता खरी अडचण. आईला कवळी आहे. कोणालाही विचारलं की पहिलं उत्तर येतं फुटाणे, शेंगदाणे, भाजलेलं सोयाबीन. पण दाण्याचा बारीकसा तुकडा कवळीखाली गेला की हिरडी सोलवटते आणि मग दोन दिवस ती नुसत्या पेजेवर. खूप चिकट पदार्थही चालत नाही, वरची कवळी सुटून येते. थोडक्यात, मऊ हवं, पण टाळूला धरून बसणारं नको.

"साखर न घालता" केलेले खजुराचे लाडू सगळे सुचवतात. खजुराच्या वजनातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असते. गूळ आणि मध यांचंही तेच, नाव वेगळं एवढंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगितलंय. गुळाच्या एका मध्यम लाडवात दहाएक ग्रॅम गूळ सहज जातो, मग दोन लाडवांनंतर दिवसभरासाठी उरतं काय? स्टेशनबाहेरच्या दुकानातून प्रोटीन बारही आणून पाहिला. वेष्टनाच्या पुढे प्रथिनांचा आकडा ठळक, आणि मागे घटकांत पहिलाच खजूर, दुसरा कसलासा पाक. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून मी आता आधी मागची बाजूच वाचते. तिथे एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन्ही आकडे असतात.

मग डाळ्याचं पीठ, दाण्याचं कूट आणि वेलची एवढ्यावरच लाडू वळायला घेतले. गूळ नाही तर वळतच नाहीत, भुगा होतो. वळेपर्यंत तूप घालायचं म्हटलं तर ते भलतंच लागतं. मुगाची धिरडी सकाळी करून ठेवली तर चारपर्यंत चामट होतात.

जाणकारांना विचारायचंय ते असं: गुळाशिवाय लाडू बांधायचे कसे? आणि सकाळी केलेला कुठला तिखटमिठाचा पदार्थ चारपर्यंत मऊ राहतो? पावसाळा आहे, त्यामुळे टिकण्याचाही विचार हवाच. प्रथिनांच्या पावडरी सध्या नकोत, घरच्या जिनसांतूनच जमवायचंय.

प्रतिसाद १

ताई, लाडवाचं उत्तर दाण्यातच आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. कूट करून थांबलात की ते आतच राहतं. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं पाखडून, कोमट असतानाच मिक्सरला लावा आणि थांबत थांबत फिरवत राहा. आधी कूट होईल, मग गोळा होईल, मग भांड्याच्या कडेला तेल दिसायला लागेल. तिथे थांबायचं. नुसतं हे दाण्याचं लोणी टाळूला चिकटतं, म्हणून एक वाटी दाण्यांना पाऊण वाटीच्या आसपास डाळ्याचं पीठ, दोनदा चाळलेलं. कणी राहता कामा नये, तुमच्या आईंसाठी तेच सर्वात महत्त्वाचं. वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने गोडी वर येते. अगदीच गोड हवं तर सगळ्या लाडवांत मिळून दोनतीन खजूर वाटून घाला.

सुपारीपेक्षा थोडा मोठा, साधारण २५ ग्रॅमचा लाडू वळलात तर त्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं येतात. तेल भरपूर आहे, तेव्हा रोज एकच. लाडू फ्रीजमध्ये ठेवा, मुंबईच्या दमट हवेत बाहेर ठेवले तर लवकर खवट होतात. आणि दाणे निवडताना कुबट वासाचे, काळपट, सुरकुतलेले काढून टाकाच. बुरशीचं विष भाजण्याने जात नाही.

प्रतिसाद २

पाटवडी! कवळीवाल्या माणसासाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत आवडीने खायच्या.

एक वाटी बेसन, दीड ते पावणेदोन वाट्या पाणी. अर्धं ताक घेतलंत तर चव जास्त येते. गुठळी न ठेवता कालवा. थोड्या तेलात जिरं, हिंग, हळद, आलं-लसूण-मिरचीचं वाटण. मोहरी नको, ती कवळीखाली जाते. त्यावर पीठ ओतलं की हात थांबवायचा नाही. पाचसात मिनिटांत ते कढईची कड सोडून गोळा व्हायला लागतं. मग मंद आचेवर झाकण ठेवून दोन दणदणीत वाफा. कच्चट राहिलं तर पोटात वायू धरतो, तेव्हा घाई नको. तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच ओतायचं आणि ओल्या वाटीच्या बुडाने थापायचं. थंड झाल्यावर थापलं तर चिरा पडतात. वरून ओलं खोबरं अगदी बारीक खवून आणि कोथिंबीर. खसखस आणि तीळ मात्र नकोत.

वाटीभर बेसनात वीसेक ग्रॅम प्रथिनं, वड्या बारा होतात. चार वड्या म्हणजे सातएक ग्रॅम. निवल्यावर डबा फ्रीजमध्ये टाका, सकाळी आठ ते चार बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्ये दोन दिवस मऊ राहतात. आईंना खायच्या आधी अर्धा तास डबा बाहेर काढून ठेवायला सांगा. मुगाचा ढोकळाही करता येईल, पण तो दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो आणि कोरडा घास कवळीला त्रासच.

प्रतिसाद ३

चक्क्याचा विचार करा. दही फडक्यात बांधून चाळणीवर, आणि चाळणी पातेल्यावर ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये. इथल्या उकाड्यात बाहेर टांगलं तर आंबट ढाण होतं. चक्का, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, किसून पिळलेली काकडी. पाटवडीबरोबर चटणीसारखा लावून छान लागतो. खाली जमलेल्या पाण्यात कणीक भिजवा. लाडवात दुधाची पावडर घालायचा सल्ला कोणी देईल, पण तिच्यात प्रथिनांपेक्षा दुधातली साखर जास्त असते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मोहरी आणि खसखस टाळायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. रविवारी लाडू आणि पाटवडी दोन्ही करते. आईला विचारलं तर म्हणाली, पाटवडी असेल तर खारी नको, पण चहासोबत एक मारी राहू दे. ती एक राहू देणार आहे.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्या ताईंना एक विचारायचंय. पाटवडीत पनीर किसून घातलं तर प्रथिनं आणखी वाढतील. ते पीठ ओतल्यावर लगेच घालू, की वाफा काढून झाल्यावर? आधी घातलं तर पनीर रबरासारखं होईल आणि नंतर घातलं तर वडी ताटात धरणार नाही, अशी धास्ती वाटते. कोणी करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट सांगा.