डिस्चार्ज बुकात दोन मेडल नोंदलेलीच नाहीत, आता एवढ्या वर्षांनी नोंद होते का?

स्टॅलियनवाला
राम राम मंडळी, जय हिंद. मी नाशिकरोडचा, जेलरोडला राहतो. १८ वर्षं आर्मीत ड्रायव्हर, २००४ ला हवालदार म्हणून घरी आलो. प्रश्न जरा लांबलचक आहे, टाइप करायची सवय नाही, सांभाळून घ्या.

२६ जुलैला नातवाच्या शाळेत कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम होता, मला बोलावलं होतं. ब्लेझर घातला, पाच मेडल लावली. माझ्याच वयाचे एक माजी सैनिक शेजारी बसले होते, त्यांनी सहज विचारलं, स्टार बुकात चढलाय ना? म्हणलं हो चढलाय की. घरी येऊन ट्रंकेतून डिस्चार्ज बुक (रिटायर होताना मिळतं ते, नोकरीची नोंद असलेलं) काढलं तर त्यात तीनच. ५० व्या स्वातंत्र्यदिनाचं, ९ वर्षांचं आणि सैन्य सेवा जम्मू काश्मीर क्लॅस्पवालं. ऑपरेशन विजय स्टार (कारगिलच्या लढाईचं मेडल) नाही, हाय अल्टिट्यूड (उंचावरच्या नोकरीचं) पण नाही. २० वर्षांच्या वर ते बुक माझ्या घरात आहे आणि मी ते पान कधी नीट वाचलंच नव्हतं, पेन्शनचं पान तेवढं पाठ.

झालं काय होतं, १९९९ ला मे संपता संपता मला आणि अजून तीन ड्रायव्हरना गाड्यांसकट एका तोफखाना रेजिमेंटला अटॅच केलं. अडीच महिने द्रासच्या पट्ट्यात होतो. झोजिला उतरलं की मटायनच्या पुढे हेडलाइट बंद, वरून सगळा रोड दिसायचा त्यांना, त्यामुळे क्लीनर साइडचा माणूस दार उघडून खाली कड बघायचा आणि मी त्याच्या आवाजावर गाडी चालवायचो, मागे गोळे भरलेले. परत आपल्या युनिटला आलो तर इकडच्यांची मेडलची पार्ट टू ऑर्डर (कुणाला काय मिळालं याची युनिटची लेखी ऑर्डर) होऊन गेलेली. इकडचे म्हणले तुमचं ते अटॅचवाले करतील, तिकडच्यांना वाटलं असेल पेरेंट युनिट करेल. पुढे युनिटमधे सगळ्यांनी टेलरकडून मेडल विकत घेतली तशी मीही घेतली, ओरिजिनल येतील तेव्हा येतील. मग विषय डोक्यातून गेला.

आता इथे ज्याला सांगावं तो म्हणतो अहो रेकॉर्ड ऑफिस तर तुमच्या दारात आहे, जा की कॅम्पात. गेलो. गेटवरच्या पोराने अदबीने विचारलं, काका तुमची कोअर कोणती? इथे तोफखान्याचं रेकॉर्ड आहे, तुमचं नाही. म्हंजे गच्चीवरून कॅम्प दिसतो आणि माझी फाइल दोन राज्यं पलीकडे.

अजून एक घोळ. माझ्या नावात ज्ञ आहे. भरतीच्या वेळी हिंदीवाल्या क्लर्कने ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे आर्मीत मी ग्य, आधारवर ज्ञ. अर्ज कोणत्या नावाने करू?

आणि खरं सांगा, या वयात हे करणं येडेपणा आहे का? मुलगा म्हणतो बाबा सोडा, लावलंय ना मेडल, कोण बघतंय.

सातपूरकर_८२
काका मनापासून आदर आहे, पण प्रॅक्टिकल विचारतो, नोंद झाल्यावर पेन्शन वाढते का? काही सवलत? नसेल तर मुलगा बरोबर बोलतोय, कशाला डोक्याला ताप. सरकारी पत्रव्यवहारात माणूस म्हातारा होतो.

कारकून_सुभेदार
जय हिंद ड्रायव्हर साहेब. मी २४ वर्षं आर्मीत क्लर्क होतो त्यामुळे शिव्या खायची सवय आहे, तुम्ही फार सभ्य लिहिलंय. आता देवळाली कॅम्पला असतो.

आधी सातपूरकर भाऊंना. नाही, एक रुपया वाढत नाही. शौर्य पुरस्कारांना दरमहा भत्ता असतो, ही सेवेची मेडल आहेत, यांना काही नसतं. पण माणूस अडीच महिने लाइट बंद करून गाडी चालवतो आणि कागद म्हणतो हा तिथे नव्हताच, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आता मुद्द्याचं. धातूचं मेडल आणि हक्काची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक इथेच गोंधळतात. धातूचं मेडल वेळेवर न येणं हा पूर्ण आर्मीचा जुना रोग आहे, टांकसाळीतून येईपर्यंत लोक रिटायर होतात, म्हणून टेलरकडून घेऊन लावतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हक्क असेल तरच. आणि हक्क सिद्ध होतो पार्ट टू ऑर्डरने. ऑर्डर निघाली की शीट रोलला (म्हंजे जवानाच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रकाला) एंट्री होते आणि घरी पाठवताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरतात. म्हंजे तुमच्या हातातलं बुक हे शेवटचं टोक आहे. त्यावर कुणाकडून पेनाने लिहून शिक्का मारून घ्यायच्या भानगडीत पडू नका, असले सल्ले देणारे भेटतील.

तुम्हाला पहिल्यांदा एवढंच शोधायचंय की ऑर्डर निघाली होती आणि बुकात उतरवायची राहिली, की निघालीच नाही. पहिलं असेल तर काम सोपं आहे, ऑर्डरचा नंबर दाखवून दुरुस्ती मागायची. त्यासाठी तुमच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. माझ्या शीट रोलची आणि मेडलसंबंधी सगळ्या पार्ट टू ऑर्डरची प्रत द्या, बस एवढं एकच वाक्य. मला मेडल का दिलं नाही असं आरटीआयमधे विचारू नका, तिथे कागद मिळतो, कारण मिळत नाही. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर त्यांच्याच वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

निघालीच नसेल तर मेहनत आहे. अटॅचमेंटची मूव्हमेंट ऑर्डर, त्या रेजिमेंटचं नाव, कोणत्या तारखेला पोचलात, कधी सुटलात. पगाराचे जुने कागद असतील तर त्या महिन्यांत फील्डचा किंवा हाय अल्टिट्यूडचा भत्ता लागलेला दिसेल, तो फार चांगला पुरावा, कारण पैसे देताना आर्मी चुकत नाही. सोबतच्या दोघांचं लेखी स्टेटमेंट, त्यांच्या आर्मी नंबर आणि रँकसकट. हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कव्हरिंग लेटर लावून पाठवा, स्वतः पाठवलंत तरी चालतं पण तिकडून गेलं की फाइलला जरा वजन येतं. मग रेकॉर्डवाले दोन्ही युनिटना विचारणार, युनिट जुनी रजिस्टरं काढणार. वर्ष गेलं तरी चिडायचं नाही.

हाय अल्टिट्यूडबद्दल मात्र कडू बोलतो. त्याला ९,००० फुटांच्या वर एकूण १८० दिवस लागतात. द्रास त्याच्या वर आहे यात वाद नाही, पण अडीच महिने म्हणजे ७५ दिवस. आधी कधी लेह बिह झालं असेल तर ते दिवस यात जोडता येतात, तारखा लिहून काढा. नसेल झालं तर ते मेडल ब्लेझरवरून उतरवा. स्टारचं तसं नाही, द्रास, कारगिल, बटालिक, तुर्तुक या पट्ट्यात लढाईत होते त्यांच्यासाठीच तो आहे, ऑपरेशन विजय मेडल वेगळं, ते बाकीच्या मोठ्या इलाक्यासाठी. तुमचा दावा स्टारचा आहे, अर्जात दोन्हीची खिचडी करू नका.

नाव: बुकात आहे तसंच, ग्य तर ग्य. आर्मी नंबर पहिल्या ओळीत. त्याच अर्जात ज्ञ दुरुस्त करायला गेलात तर मेडल बाजूला राहील आणि हा माणूस तोच का यावरच फाइल फिरत बसेल.

निफाडची_लेक
मी फौजेतली नाही पण वडिलांमुळे यातून गेलेय म्हणून लिहिते. दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो) १९७१ च्या लढाईत होते, नंतर पेन्शन लागायच्या आतच नोकरी सोडून शेतीला आले. ते गेल्यावर आम्ही रेकॉर्डला लिहिलं की त्यांच्या मेडलची माहिती द्या. उत्तर आलं, वेळेत आलं आणि चांगल्या भाषेत आलं, पण काय तर पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षं ठेवून नियमाप्रमाणे नष्ट करतात, आता फक्त लाँग रोल शिल्लक आहे. त्यात नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज. दादांचं सगळं आयुष्य एका ओळीत.

पण आमच्याकडे उलटा प्रकार होता. कागद नाही पण आईच्या लोखंडी पेटीत दोन मेडल होती, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं, १५ ऑगस्ट १९७२ ला जे नोकरीत होते त्यांना मिळालं ते. चिंचेने घासली तर कडेवर बारीक अक्षरात कोरलेलं निघालं, दादांचा नंबर, रँक, नाव. ओरिजिनल मेडलच्या कडेवर कोरलेलं असतं हे आम्हाला तेव्हा कळलं. तुमच्याकडची पाचही एकदा उजेडात धरून कड बघा काका, टेलरकडची कोरी असणार.

आणि मुलाचं ऐकू नका. आमच्या दादांना विचारायचं राहून गेलं की पश्चिमेला होतात की पूर्वेला, आता पश्चिमी स्टारचा हक्क होता की पूर्वी स्टारचा हे सांगणारं कोणी नाही.

भगूरचा_गनर
स्टॅलियनवाले भाऊ रेजिमेंट कोणती होती? इथे ओपन लिहू नका मला मेसेज करा. मी त्याच वेळी द्रासला बोफोर्सवर होतो, रात्री दारूगोळ्याच्या गाड्या आल्या की आम्हीच उतरवायचो, एकेक गोळा ४० किलोच्या वर, आणि ड्रायव्हर लोक स्टीअरिंगवरच डोकं टेकून झोपायचे ते अजून डोळ्यासमोर आहे. आमची रेजिमेंट असेल तर स्टेटमेंट मी देतो आणि अजून दोघं सिन्नरला आहेत त्यांना पण आणतो. मला तर माझा स्टार युनिटमधेच चढवून मिळाला कारण मी त्यांचाच होतो, अटॅचवाल्यांचं असं होतं हे कधी डोक्यातच आलं नाही भो.

स्टॅलियनवाला
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय, मधे ट्रंक उपसत होतो.

ताई तुमचं ऐकून पाचही मेडल टेबल लॅम्पखाली धरली. तिघांच्या कडेवर माझा नंबर आहे, नाव पण आहे, ग्य ने. हाय अल्टिट्यूडची कड गुळगुळीत आणि स्टारची पाठ कोरी. एवढी वर्षं अंगावर लावली आणि बोट फिरवून बघितलं नाही.

सुभेदार साहेब, दिवस मोजले. लेह कधीच झालं नाही, १९९१ ला सव्वा महिना एका उंचावरच्या ठिकाणी होतो, सगळं मिळून ११५ च्या पुढे जात नाही. तुमचं बरोबर आहे, उतरवलं. ब्लेझरवर पिनेची भोकं दिसतायत, मिसेस म्हणते रफू करू.

मूव्हमेंट ऑर्डर काही सापडली नाही. पण मिसेसने मेरी बिस्किटाचा डबा काढला, त्यात मी तेव्हा पाठवलेली इनलँड पत्रं, ११ आहेत. एकावर तारीख १९ जून १९९९, पाठवणाऱ्याच्या जागी त्या रेजिमेंटचं नाव आणि केअर ऑफ ५६ एपीओ (आर्मीचं पोस्ट ऑफिस), आणि आत लिहिलंय की पत्ता बदललाय, आता या पत्त्यावर लिहीत जा. हे पुरावा म्हणून चालेल का? अडचण एकच आहे, त्याच पत्रात पुढे मी लिहिलंय की इथे एकदम शांत आहे, काही काळजी करू नको, जेवण चांगलं आहे. आता रेकॉर्डवाला म्हणेल एवढं शांत होतं तर स्टार कशाला पाहिजे.

गनर भाऊ मेसेज केलाय, बघा.

भगूरचा_गनर
बघितला. आमचीच रेजिमेंट. रविवारी येतो जेलरोडला, सिन्नरवाले पण येतायत. फोटो काढून ठेवलेत का तेव्हाचे, नाही ना, आमच्याकडे पण एकच आहे.

सातपूरकर_८२
काका मी आधी जे बोललो ते मागे घेतो. शांत आहे वालं पत्र लॅमिनेट करून ठेवा, रेकॉर्डला नका देऊ.

कारकून_सुभेदार
लॅमिनेट अजिबात करू नका, शाई जाते आणि कागद पण जातो. पत्र हा सरकारी पुरावा नाही, पण कोणत्या रेजिमेंटची आणि कोणत्या महिन्याची रजिस्टरं काढायची ते त्याने कळतं, म्हणून लावायचं. पत्त्याच्या बाजूची आणि पत्ता बदललाय त्या तीन ओळींची झेरॉक्स, खाली सही करून. बाकी मजकूर घडीत राहू द्या. मूळ पत्र कुणालाही द्यायचं नाही, मी मागितलं तरी.

तिघांचं स्टेटमेंट मिळतंय म्हणजे तुमचं अर्धं काम झालं. पण आधी आरटीआय टाका, घाई करून सगळं एकदम पाठवू नका. काय सांगावं, ऑर्डर निघालेली असेल आणि तुमचं नाव यादीत १८३ नंबरवर झोपलेलं असेल. मी असं दोनदा पाहिलंय.

स्टॅलियनवाला
आज टाकला. बिटकोला पोस्टल ऑर्डर घेतली, स्पीड पोस्ट केलं, पावती बिस्किटाच्या डब्यात ठेवलीये. अर्ज हिंदीत लिहिलाय, चालेल ना? इंग्लिशमधे मुलगा लिहून देतो म्हणाला पण म्हणलं माझं मी लिहितो.

कारकून_सुभेदार
हिंदीत चालतं. सहीत ज्ञ नाही ना केला?

स्टॅलियनवाला
केला होता. दुसरा कागद घेतला.