शहराची सौरऊर्जा: हिशोब वर्षाच्या सरासरीवर की श्रावणावर?

गिरणाकाठचा: जळगावात सोलर बसवणारा कोणीही एकच आकडा सांगतो, एका किलोवॉटला रोज चार युनिट. ही वर्षाची सरासरी झाली. मार्चमध्ये पाचच्या आसपास मिळतात, पण झड लागली की दोनसुद्धा मिळत नाहीत. घराचं ठीक आहे, अख्ख्या शहराचं नियोजन मात्र जुलै-ऑगस्टवरच व्हायला हवं.

तापीकर: भाऊ, अजिबात पटलं नाही. ऑगस्ट धरून पॅनल लावले तर एप्रिल-मेची जादा वीज घालणार कुठे? नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज ग्रीडला देऊन बिलातून वजा करायच्या सोयीत, शिल्लक युनिट पुढच्या बिलात जमा होतात, ३१ मार्चपर्यंत. उन्हाळ्यात जमा केलं ते पावसाळ्यात वापरा. शिवाय एका गच्चीवर ढग आला तरी बाकीच्या गच्च्यांवर ऊन असतंच की.

गिरणाकाठचा: सुट्या ढगांपुरतं ते खरं. हजार गच्च्या असल्या की चढउतार आपोआप सपाट होतो. पण पावसाळी आभाळ चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत एकदमच भरतं, तेव्हा सगळ्या गच्च्या एकदमच झोपतात. आणि बिलात जमा झालेलं युनिट कुठे साठवलेलं नसतं. त्या दिवशीची वीज दीपनगरच्या औष्णिक केंद्रातल्या कोळशातूनच येणार.

धुळेकर: दोघांनीही मे महिना सोडून दिला! आपल्याकडे लोकांना वाटतं ४४ अंश म्हणजे सोलरची चंगळ. पॅनलचे वॉट २५ अंशाला मोजलेले असतात. मेच्या दुपारी चौकटीला हात लावून बघा, चटका बसतो. काच ६५ अंशांवर गेली की अंशामागे साधारण ०.३५ टक्के, म्हणजे १४ टक्के उत्पादन जागेवरच गेलं. पत्र्याला चिकटवून लावणाऱ्याला आधी खालून वारा जाईल एवढी जागा सोडायला लावा. त्यात कूलर रात्रभर चालतात, तेव्हा सोलर शून्य.

तापीकर: दादा, उष्णतेचं मान्य. तरी पॅनल वाढवणं हा उपाय नाही, वापराची वेळ बदला. वाघूर धरणातून जळगावला पाणी चढवणारे पंप जमेल तेवढे दुपारी चालवा. पाणी टाकीत साठतं, त्याला बॅटरी लागत नाही.

गिरणाकाठचा: पंपांचं एकदम पटलं. पण झडीच्या आठवड्यातही नळाला पाणी लागतंच, तेव्हा पंपांची वीज कुठून, तेही त्याच आराखड्यात लिहा.