ओरेगन ट्रेलवर मुलांसाठी लिहितेय, पण मृत्यूचं पान पुढे सरकतच नाहीये

10-12 वर्षांच्या मुलांसाठी लिहितेय; ओरेगन ट्रेल म्हणजे 19व्या शतकात अमेरिकेतले लोक गाड्या घेऊन पश्चिमेला ओरेगनकडे गेले ती वाट. 1843 ची मोठी तुकडी, मिसूरीतल्या इंडिपेंडन्सहून निघालेल्या गाड्या, 3,200 किमीच्या आसपासचा रस्ता, सगळं भराभर झालं आणि मग कॉलरा आला नि मी अडकले. मार्चमध्ये माझी आई गेली. ट्रेलवर वाटेतच खड्डा खणून मेलेलं माणूस पुरायचे आणि वरून गाड्या न्यायचे, जनावरांनी उकरू नये म्हणून, हे एकच वाक्य तीन आठवडे टाइप करतेय नि खोडतेय. गाळून टाकू का?

> गाळू नका हो. मुलांना कळतं, फक्त साधं लिहा, रडारड नको. बाबा गेले तेव्हा मी पण असाच अडकलो होतो, मग ते पान सोडून बैल, चाकं, नदी कशी ओलांडायचे ते आधी लिहिलं. क्रमानेच लिहा असं कुणी सांगितलंय?

> +1, पण दुःख फक्त गाडीवाल्यांचंच नको. 1849 च्या कॉलऱ्यात शायेन लोकही (तिथले मूळ रहिवासी) खूप गेले. आणि 1862 च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करणाऱ्यांना दिलेली 160 एकर 'मोकळी' जमीन आधी कुणाची होती, तेही येऊ द्या. (हे बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकतात, डोकं फिरतं.)

> थँक्स दोघांनाही. शायेनचं खरंच राहिलं होतं. आज बैलांचं पान घेतलं, दीड पान झालं. आईचा चष्मा अजून कीबोर्डशेजारीच आहे, तो काही हलवला नाही.