आयएसएल (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) प्लेऑफ: उरलेले सामने किती अवघड, हे मोजायचं कसं?

अंधेरी_पश्चिम:
समजा आपल्या संघाचे १९ सामन्यांत २७ गुण आहेत आणि ५ सामने उरलेत. दोन वरच्या संघांच्या मैदानावर, दोन मधल्या संघांशी घरी, एक तळाच्या संघाकडे. प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची सरासरी काढली तर वेळापत्रक मध्यम दिसतं. पहिल्या सहात येऊन प्लेऑफ गाठण्याची शक्यता ठरवायला एवढं पुरेल का? २०२४-२५ प्रमाणे १३ संघ, प्रत्येकी २४ सामने धरा.

फातोर्डाकर:
नाही पुरणार. सरासरीत घरचं आणि बाहेरचं एकत्र होतं. बाहेर खेळताना समोरच्याचे फक्त त्याच्या घरचे गुण बघा, घरी खेळताना त्याचे फक्त बाहेरचे. मग प्रत्येक सामन्याला विजयाची आणि बरोबरीची टक्केवारी द्या. वरच्यांकडे १५ आणि २५ धरली तर अपेक्षित गुण ०.७० (विजय गुणिले ३, अधिक बरोबरी). घरी ४५ आणि २८ म्हणजे १.६३. तळाच्याकडे ४० आणि ३० म्हणजे १.५०. पाचांची बेरीज ६.१६, म्हणजे तुम्ही ३३च्या आसपास थांबता. बरोबरीची टक्केवारी कमी धरू नका. २०२४-२५ मध्ये मुंबई सिटीचे २४ पैकी ९ सामने बरोबरीत सुटले.

पण ३३ ही नुसती सरासरी झाली. शक्यता हवी असेल तर स्प्रेडशीटमध्ये हजार ओळी टाका आणि प्रत्येक सामन्याला ० ते १ मधला एक रँडम आकडा द्या. वरच्यांकडच्या सामन्यात: ०.१५च्या खाली ३ गुण, ०.४०च्या खाली १, नाहीतर शून्य. हा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. एकाच सूत्रात रँड (RAND, रँडम आकडा देणारं फंक्शन) दोनदा लिहिलं की दुसऱ्या वेळी नवा आकडा येतो आणि बरोबरीची शक्यता २५ ऐवजी ३४ टक्के होऊन बसते. चूक दिसत नाही, उत्तर मात्र फुगतं.

गुणतक्ता_वाचक:
आणि ३३ला काय मिळतं ते बघा. २०२४-२५ मध्ये मुंबई सहावी आली ३६ गुणांवर, ओडिशा ३३वर बाहेर. आदल्या हंगामात २२ सामन्यांत चेन्नईयिनला २७ पुरले होते. सामन्यामागे एकदा १.५, एकदा १.२३. म्हणून ठरावीक आकडा गाठायचा असं धरूच नका. पाचव्यापासून नवव्यापर्यंतच्या सगळ्या संघांचे उरलेले सामने त्याच शीटमध्ये घाला. त्यांच्या आपापसातल्या लढती एकदाच टाका, नाहीतर दोघेही जिंकलेले दिसतील.

कांतीरवा_उत्तर:
शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याचा करंडक) जिंकून झालेला संघ समोर असेल तर आपल्या विजयाची टक्केवारी थोडी वाढवावी का? मोहन बागान शील्ड नक्की झाल्यावर मुंबईत २-२ने अडकला.

फातोर्डाकर:
मला नाही पटत. त्याच बागाननं पुढच्याच सामन्यात गोव्याला २-० हरवलं. एका निकालावर टक्केवारी हलवू नका. निलंबित खेळाडू आणि दोन सामन्यांतले विश्रांतीचे दिवस बघून हलवा.

गुणतक्ता_वाचक:
अजून दोन गोष्टी. १३ संघ असल्यामुळे दर फेरीत एकजण बाहेर बसतो, तेव्हा तक्त्यात आधी ‘खेळलेले सामने’ वाचा. आणि २०२४-२५ मध्ये गुण समान झाले तर आधी आपापसातले निकाल बघत, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) नंतर. त्या हंगामात बेंगळुरू, नॉर्थईस्ट, जमशेदपूर तिघांचे ३८ होते. गोलफरक नॉर्थईस्टचा सर्वांत चांगला, तरी तिसरं बेंगळुरू. म्हणजे तुमच्या पाचांपैकी एखादा सामना थेट सातव्या-आठव्याशी असेल, तर त्यात हरण्याची किंमत तीन गुणांहून जास्त आहे. शीटमध्ये गुण सारखे झाले की आधी त्या दोघांचा आपापसातल्या पहिल्या लढतीचा निकालही धरून तपासायला लावा.