मदत हवी आहे: एसपीआर चिपवर रिजनरेशननंतर सिग्नल घसरतोय

एसपीआर (सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स) म्हणजे सोन्याच्या थरावर रेणू चिकटले की परावर्तित प्रकाशात होणारा बदल मोजणं; माझ्या चिपवर अँटिबॉडी बसवली आहे, ती एक प्रथिन पकडते, आणि रिजनरेशन म्हणजे ते प्रथिन धुऊन चिप पुन्हा वापरायला तयार करणं. रचना क्रेशमनची (प्रिझममधून सोन्याच्या थरावर प्रकाश टाकायची): बीके७ काचेचा प्रिझम, 2 नॅनोमीटर क्रोमियमवर 50 नॅनोमीटर सोनं, 633 नॅनोमीटरचा पी-ध्रुवित लेसर. सोन्यावर ११-मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्लाचा थर (इथेनॉलमध्ये 1 मिलिमोलर, रात्रभर), मग अँटिबॉडी जोडता यावी म्हणून तो थर सक्रिय करायला 0.4 मोलर ईडीसी आणि 0.1 मोलर एनएचएस 7 मिनिटं. अँटिबॉडी 10 मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये, पीएच 5.0. उरलेले सक्रिय गट 1 मोलर इथेनॉलअमाइनने, पीएच 8.5, बंद केले. रिजनरेशन 10 मिलिमोलर ग्लायसिन-एचसीएल, पीएच 2.0, 30 सेकंद.

पहिली दोन-तीन चक्रं छान जातात. पुढे बेसलाइन (प्रथिन नसतानाचा मूळ सिग्नल) जागेवर परततो, पण त्याच प्रथिनाचा प्रतिसाद दर चक्राला कमी होतो. प्रथिन चिकटून राहिलं असतं तर बेसलाइन चढला असता, अँटिबॉडी सुटून गेली असती तर उतरला असता. म्हणून संशय असा की ती जागेवरच आहे, पण आम्लाने तिची घडी बिघडली आहे. तापमानाचा दोष वाटत नाही, 0.1 अंशाने पाण्याचा अपवर्तनांक साधारण 0.00001 ने बदलतो, आणि तो संदर्भ चॅनेलमधून (अँटिबॉडी नसलेल्या, तुलनेसाठीच्या भागातून) वजा होतो.

पीएच 2.5 वर 15 सेकंदांचे दोन छोटे डोस द्यावेत, की आम्ल सोडून 3 मोलर मॅग्नेशियम क्लोराइड वापरावं? प्रोटीन ए (अँटिबॉडीला शेपटाकडून धरणारं प्रथिन) वरून अँटिबॉडीची दिशा साधता येईल, पण ग्लायसिनने अँटिबॉडीही धुऊन जाईल आणि दर चक्राला नवी लागेल. ती प्रोटीन ए ला क्रॉसलिंक करून (रासायनिक बंधाने कायमची जोडून) कुणी वापरली आहे का, आणि किती चक्रं टिकली?